तेवीस थांब्यांची भाषा

कोरटी डेपोच्या कंडक्टर शालन खराडे यांनी एकदा कावळ्याला हाफ तिकीट फाडलं होतं. गाडी कोरटी–भैरवगड, सकाळी सव्वासातची. कावळा हायस्कूलच्या थांब्यावर खिडकीतून आत आला, ऐटीत सीटवर बसला आणि उतरायचं नाव घेईना. "बसलाय तर तिकीट लागंल," म्हणत बाईंनी तिकीट त्याच्या चोचीत दिलं. गोष्ट शंभर टक्के खरी. कावळा आता हयात नाही, नाहीतर त्याच्याच तोंडून वदवून घेतली असती.

मुद्दा कावळ्याचा नाही, बाईंच्या जिभेचा. दारात लोंबकळणाऱ्याला त्या विचारायच्या, "पायरी काय सासऱ्यानं आंदण दिलीय व्हय रं?" आणि तो मुकाट्यानं आत सरकायचा. तीस वर्षं एकच मार्ग, तेवीस थांबे. बाईंची गाडी आली की घाटातली माकडंसुद्धा रांगेत उभी राहत.

अशी ती जीभ दोन हजार सेहेचाळीस सालच्या माघात, मेथी निवडता निवडता गप्प झाली. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय लटका पडला आणि बोलणं बंद. बाईंना कळत सगळं होतं, सुचतही होतं. पण डोक्यातून निघालेले शब्द ओठांपर्यंत पोचण्याआधीच मध्ये कुठंतरी उतरून जायचे. मान हलवून सांगावं तर तिचाही भरवसा उरला नव्हता. 'हो' म्हणायला जावं तर आडवी हलायची, 'नाही' म्हणावं तर उभी.

पंधरवड्यानं पुण्याहून डॉक्टर टिळेकर आले. तरणाबांड माणूस, बोलणं मऊ, मिशी कोरलेली. त्यांच्या हातात एक यंत्र होतं. नाव 'जिव्हाळा'.

यंत्र मोठं हुशार. टिकलीएवढी चकती मेंदूवर बसवायची. तिला केसाहून बारीक चार हजार तारा. माणूस बोलायला जातो तेव्हा मेंदूत जी खळबळ उडते ती या तारा ऐकतात आणि गळ्यात अडकवलेल्या पेटीतून ती बोलून दाखवतात. पण तारांना स्पष्ट शब्द ऐकू येत नाहीत, नुसता गलका ऐकू येतो. जत्रेच्या गाडीत मागच्या बाकावरून कोणी "दोन फुल एक हाफ" ओरडला की कंडक्टरला ऐकू येतं "ओन... उल... आफ". बाकीचं तो अनुभवानं भरून घेतो. 'जिव्हाळा'ही तसंच भरून घ्यायचा. त्याचा अनुभव म्हणजे महाराष्ट्रभरच्या म्हाताऱ्या बायकांकडून टिपून घेतलेली कोट्यवधी वाक्यं. आता मला सांगा, समोर माईक धरल्यावर कोणती आजी शिव्या देते?

चकती बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी सून चहा घेऊन आली. सुनेचं नाव प्रतीक्षा. लग्नाला अकरा वर्षं झालेली, नवरा विक्रांत मस्कतला, घरात या दोघीच. बाईंनी एक घोट घेतला आणि मनात म्हणाल्या, 'ह्यो चहा हाय का गाडी धुतल्यालं पाणी?'

पेटी म्हणाली, "चहा अगदी अमृतासारखा झालाय गं, बाळा."

प्रतीक्षाच्या हातातली बशी निसटली. अकरा वर्षांत सासूच्या तोंडून तिनं 'बाळा' ऐकलं नव्हतं. तिनं डोळ्यांना पदर लावला. बाई डोळे वटारून पेटीकडे बघत राहिल्या.

'ए पेटी, माझ्या तोंडानं काय बोलतीयास?' त्या आतून गरजल्या.

"देवाची कृपा आणि तुमचं प्रेम," पेटी म्हणाली, "आणखी काय हवं?"

आठवड्याभरात बाई साऱ्या आळीच्या लाडक्या झाल्या. शेजारणी येऊन आशीर्वाद घेऊन जाऊ लागल्या. मस्कतहून विक्रांत म्हणाला, "आईचा स्वभाव किती निवळलाय!" बाई त्याला काय म्हणाल्या ते इथं लिहिता येणार नाही. पेटीनं सांगितलं, "जेवणाची आबाळ करू नकोस हं."

हुशार कंडक्टर माणसाचं तोंड बघूनच तिकीट काढतो. बाईंनाही त्याचा अभिमान होता. एकदा एका बाईला त्यांनी न विचारता माहेरचं तिकीट दिलं, तर ती बिचारी सोडचिठ्ठीच्या तारखेला निघालेली. त्या दिवसापासून बाई आधी विचारायच्या आणि मगच फाडायच्या. एवढीशी अक्कल त्या चार हजार तारांना नव्हती.

*

चौथ्या आठवड्यात एका दुपारी बाई खाटेवर पडल्या होत्या. रस्त्यावरून भैरवगडची नवी गाडी गेली. हल्ली गाड्यांना ड्रायव्हर नसतो, कंडक्टर नसतो. थांबा आला की छतातून एक पोरगी लाडिक आवाजात सांगते. ती लाडिक "करंजखिंड" बाईंच्या कानावर आली आणि त्यांच्या डोक्याची शीर उठली. सवयीनं त्या आतून ओरडल्या, 'करंजखिंड!'

पेटी म्हणाली, "करंजखिंड."

साखर नाही, बाळा नाही, कृपा नाही. निव्वळ करंजखिंड.

बाई उठून बसल्या. 'वडगाव फाटा.' पेटीनं म्हटलं. 'रिठेवाडी.' तेही म्हटलं.

त्याचं असं होतं. तीस वर्षं रोज चार वेळा घोकलेलं मेंदू निराळ्या कप्प्यात ठेवतो. पाढे, आरत्या, वारांची नावं तिथं असतात, आणि गुठळीचा धक्का तिथवर पोचत नाही. शिव्याही तिथंच असतात, पण त्या 'जिव्हाळा' गाळून घ्यायचा. थांब्यांची नावं मात्र ठणठणीत निघत, आणि पेटीला त्यांत साखर घालता येईना. कुठल्याच आजीनं कधी म्हटलेलं नव्हतं, "रिठेवाडी गं बाळा."

बाईंच्या ध्यानात आलं की आपल्याजवळ तेवीस शब्द आहेत. तेवीस शब्दांत भागवायचं तर नाणी पाडतात तशी नवी भाषा पाडावी लागेल. तीस वर्षं साठ सीटच्या गाडीत त्यांनी एकशेवीस माणसं भरली होती. तेवीस शब्दांत अख्खा संसार भरणं म्हणजे काय मोठंसं?

त्या दुपारपासून बाई कामाला लागल्या. वडगाव फाट्यावर दर सोमवारी एक इसम चढायचा आणि म्हणायचा, "पास घरी राहिला." नऊ वर्षं. म्हणून वडगाव फाटा म्हणजे खोटं. रिठेवाडीला कधी कुत्रं चढलं नाही, म्हणून रिठेवाडी म्हणजे रिकामं, उपाशी. हायस्कूलला सव्वादहाला पोरं पत्र्यावर बुक्क्या मारायची, म्हणजे घाई. करंजखिंडीच्या वळणांवर अर्धी गाडी ओकायची आणि बाई बादली घेऊन मागे धावायच्या, म्हणून करंजखिंड म्हणजे नको. कोरटी डेपो म्हणजे अर्थातच मी.

व्याकरणही बांधलं. थांबे जाण्याच्या क्रमानं म्हटले तर ते पुढे घडायचं. परतीच्या क्रमानं म्हटले तर घडून गेलेलं. वाक्य संपलं की डाव्या हातानं चमचा स्टीलच्या वाटीवर एकदा, टिंग. सिंगल बेल, थांबा. दोनदा मारला तर डबल बेल, चला. एवढं महाराष्ट्रात कोणाला शिकवावं लागत नाही.

दोन शब्द बाईंनी बाजूला ठेवले. एक 'विनंती थांबा'. त्या थांब्याला गावच नव्हतं. कोणी हात केला तरच गाडी थांबायची. त्याचा अर्थ 'कृपा करून' असा आपोआप निघत होता, पण असला शब्द शालन खराडेला लागणार कशाला? दुसरा 'भैरोबा माळ'. तिथं गाडी वीस मिनिटं थांबायची. तीस वर्षांच्या नोकरीत ड्युटीवर असताना बाई खाली बसल्या त्या फक्त तिथं, चिंचेखालच्या दगडावर. त्या शब्दाला काय अर्थ द्यावा हे त्यांना ठरवता येईना.

आठ दिवसांत भाषा उभी राहिली. बाईंनी ती मनातल्या मनात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवून बघितली. कुठं खडखड नाही. अशी भाषा दुनियेत दुसऱ्या कोणाजवळ नव्हती. छाती अशी फुगली की गळ्यातली पेटी वर उचलली गेली.

अडचण एकच. भाषा येणारं माणूसही दुनियेत एकच होतं.

*

सुनेनं घाबरून डॉक्टरांना फोन केला. "आई मधूनमधून गावांची नावं घेतात, वाटीवर चमचा आपटतात."

"तो बिघाड आहे," डॉक्टर म्हणाले. "जुनी तबकडी अडकते तसं. कधी काय होतं त्याची नोंद ठेवा. बाराव्या आठवड्यात मी येतोच."

प्रतीक्षानं दोनशे पानी वही आणली आणि वर लिहिलं, 'बिघाड'. रोज त्यात ती काहीतरी टिपायची. बाई खाटेवरून बघायच्या आणि जळायच्या. 'लिव्ह लिव्ह. माझ्या तक्रारीच लिवतीयास न्हवं?'

"किती गं राबतेस माझ्यासाठी," पेटी म्हणायची.

एका संध्याकाळी तर कहर झाला. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. बाई मनात म्हणाल्या, 'समुद्रातनं आणलीस व्हय आमटी?' पेटी म्हणाली, "तू सून नाहीस, माझी लेकच आहेस." प्रतीक्षानं पातेलं उचललं. मग बाईंकडे पाठ करून भांडी घासायला बसली. तिचे खांदे हलत होते.

*

बाराव्या आठवड्यात डॉक्टर आले. त्याच दिवशी हमीद मुजावरही आले होते. मुजावर म्हणजे कोरटी–भैरवगडचे ड्रायव्हर, बावीस वर्षं बाईंच्या पुढे बसलेले. बाई थांबे पुकारतात हे ऐकून त्यांना राहवलं नाही.

"काय ओ बाई, गाडी घरातच सुरू केली म्हनं," ते म्हणाले. बाईंच्या जिवात जीव आला. मार्ग पाठ असलेला माणूस भेटला!

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चकतीभोवती मेंदू हळूहळू खपली धरतो, त्यामुळे बारा आठवड्यांनंतर यंत्राचं शिकणं बंद करावं लागतं. आज जे पक्कं होईल ते जन्मभर. 'जिव्हाळा'चा अंदाज चालू ठेवून पक्कं केलं तर वाणी अशीच गोड राहील आणि गावांची नावं गाळली जातील. अंदाज बंद करून पक्कं केलं तर जे स्पष्ट ऐकू येतं तेवढंच राहील.

"म्हणजे तेवीस थांबे," डॉक्टर हसले. "पण रुग्णाची संमती लागते. आजी, अंदाज चालू ठेवायचा ना?"

'ठेवून तर बघ, मुडद्या!' बाई आतून ओरडल्या.

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा, बाळा," पेटी म्हणाली.

बाईंनी जोरजोरात मान हलवली. ती उभी हलली. डॉक्टरांचं बोट टॅबकडे निघालं.

"करंजखिंड!" पेटी म्हणाली. टिंग. "करंजखिंड!" टिंग.

"हाच तो बिघाड," डॉक्टर म्हणाले.

"थांबा की सायेब," मुजावर पुढे झाले. "बिघाड न्हाई त्यो. बाई बोलत्यात. ह्या मार्गावर बावीस वर्सं स्टेअरिंग धरलंय म्या, मला इचारा."

बाईंनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "करंजखिंड म्हणजे काय?"

मुजावरांचा चेहरा फुलला. "आहाहा! खिंडीत गाडी चढली की इंजिन गार, समोरनं असा वारा, खाली समदं खोरं हिरवंगार. करंजखिंड म्हंजी झकास! बाई म्हनत्यात, एक नंबर, करा पक्कं!"

बाईंच्या हातातला चमचा गळून पडला.

बावीस वर्षं हा माणूस पुढे बघत बसला होता. मागे काय चाललंय ते त्यानं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. मार्ग तोच, थांबे तेच, पण ड्रायव्हरची करंजखिंड वेगळी आणि कंडक्टरची वेगळी. बाईंना हे आधी सुचायला हवं होतं. भाषा इतकी आपली झाली होती की आपल्याच माणसानं ती उलटी वाचली.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले आणि टॅबवर बोट ठेवायला गेले.

तेव्हा बाईंनी दाराकडे पाहिलं. दारात प्रतीक्षा उभी होती, छातीशी वही धरून. ती पेटीकडे बघत होती. बाळा म्हणणाऱ्या पेटीकडे, लेक म्हणणाऱ्या पेटीकडे. नुसतं गप्प राहिलं की ती पेटी जन्मभर तिची होती.

"डॉक्टर," ती म्हणाली. "करंजखिंड म्हणजे नको."

"कशावरून?"

"आठ आठवडे रोज चहा मी देतेय." तिनं वही उघडली. "बिनआल्याचा चहा दिला, करंजखिंड. उशी बदलली, करंजखिंड. टीव्हीवरच्या बाईनं रडायला सुरुवात केली, वडगाव फाटा. म्हणजे ती खोटं रडतेय. जेवण अर्धा तास लांबलं, रिठेवाडी. तुम्ही म्हणालात बिघाड लिहा, मी लिहीत गेले. वहीच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बिघाडाला व्याकरण आहे."

'आन् तिसऱ्या आठवड्यापासनं गप ऱ्हायलीस व्हय गं?' बाई मनात म्हणाल्या. पण त्यात राग नव्हता. गोड कोणाला नको असतं?

डॉक्टर माणूस शास्त्राचा, नुसत्या बोलण्यावर जाणारा नव्हे. ते म्हणाले, "परीक्षा घेऊ. तुम्ही बाहेर ओट्यावर जा. मी आजींच्या कानात एक गोष्ट सांगतो. आजी ती त्यांच्या भाषेत म्हणतील. तुम्ही अर्थ सांगा."

प्रतीक्षा बाहेर गेली. डॉक्टर वाकून कुजबुजले. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि तीन-साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

"रिठेवाडी. हायस्कूल," पेटी म्हणाली. मुजावरांनी चमचा उचलून हातात दिला होता. टिंग. "वडगाव फाटा." टिंग.

बाहेरून आवाज आला, "परतीच्या क्रमानं आहे, म्हणजे होऊन गेलेलं. आज घाईत, उपाशीपोटीच आलो, असं तुम्ही सांगितलंत."

डॉक्टर चकित झाले. "अगदी बरोबर! आणि शेवटचं?"

प्रतीक्षा उंबऱ्यापर्यंत आली. "शेवटचं... आई म्हणतायत, तुम्ही खोटं बोलताय."

मुजावरांनी जवळ जाऊन पाहिलं. "सायेब," ते म्हणाले, "मिशीला शेव हाय. फाट्यावरची मिसळ न्हवं का?"

डॉक्टरांनी मिशी पुसली. माणूस दिलदार होता. आधी लाल झाला आणि मग खो खो हसला. कोट्यवधी वाक्यांत जी बाई सापडली नव्हती ती दोन वाक्यांत त्यांच्या पुढ्यात येऊन बसली होती.

"पण आजी, नीट विचार करा," ते शेवटी म्हणाले. "एका बाजूला लाखभर शब्द आहेत. दुसऱ्या बाजूला तेवीस."

बाईंनी मान ताठ केली. "कोरटी डेपो," पेटी म्हणाली. टिंग टिंग.

"मी," प्रतीक्षानं आत येत सांगितलं. "आणि चला."

डॉक्टरांनी अंदाज बंद केला आणि पक्कं करून टाकलं. त्या क्षणी पेटीतली ती गोड आजी गेली. तिच्यासाठी सुतक कोणी धरलं नाही. जाता जाता डॉक्टर म्हणाले, "ही भाषा आम्हाला द्याल? इतर रुग्णांना शिकवू."

"करंजखिंड," बाई म्हणाल्या. ज्यानं त्यानं आपली पाडावी. प्रत्येकाचा मार्ग असतोच कुठला ना कुठला.

*

डॉक्टर गेले. मुजावर खुर्चीत ओशाळून बसले होते. प्रतीक्षानं वहीवरचा 'बिघाड' खोडला, पण त्या जागी काही लिहिलं नाही. मग तिनं खाली बघतच विचारलं,

"आई, परवा पेटी म्हणाली, तू माझी लेकच आहेस. ते तुमचं होतं की पेटीचं?"

खोटं सांगणं सोपं होतं. त्यासाठी शब्दही लागला नसता, नुसतं गप्प राहायचं होतं. पण ही भाषा बाईंनी खोटं बोलायला पाडली नव्हती.

"वडगाव फाटा," पेटी म्हणाली. टिंग.

प्रतीक्षानं मान हलवली. "वाटलंच मला. मीठ जास्त झालं होतं," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"विनंती थांबा," पेटी म्हणाली.

प्रतीक्षा थबकली. हा शब्द वहीत नव्हता.

"भैरोबा माळ."

हाही नव्हता. तिनं मुजावरांकडे पाहिलं. मुजावरांनी मोठ्या उत्साहानं तोंड उघडलं, "भैरोबा माळ म्हंजी—"

टिंग.

बावीस वर्षांची सवय. सिंगल बेल ऐकताच मुजावरांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबून बसला आणि तोंडही मिटलं.

बाईंनी डाव्या हातानं आपला लटका पाय उचलला आणि पलीकडे सरकवला. खाटेच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली. त्या जागेवर त्यांनी हात थोपटला.

प्रतीक्षा बसली. बऱ्याच वेळानं तिनं वहीत ते दोन शब्द लिहिले. पुढे अर्थाची जागा तिनं कोरी ठेवली. कुणाला दाखवायचा होता अर्थ?

मग बाईंनी चमचा उचलला. टिंग टिंग. भरपूर झालं, ऊठ, चहा टाक. आणि आलं घाल. आल्यासाठी भाषेत शब्द नव्हता. तो बाईंनी तिथल्या तिथं पाडला आणि सुनेला कळलाही. आपल्याला मात्र सांगता येणार नाही. भाषा बाईंची आहे.